चौथ्या दिवशी थांबलेलं युद्ध

४ जानेवारी
कलादालनाचा होकार आला! एक अख्खी खोली माझी. तिथे मामाचं घर मांडणार — युद्ध चौथ्याच दिवशी थांबलं, मामा सुखरूप परतला आणि यथावकाश म्हातारा झाला, असं धरून. खरा मामा चोविशीत आघाडीवर गेला तो गेलाच. मी त्याला फक्त फोटोत पाहिलंय.
आईला सांगितलं, तर म्हणाली, "पसारा ठेव हो भरपूर. दादाला आवरायची सवय नव्हती."

९ जानेवारी
छापखान्यातून माझं खोटं वर्तमानपत्र आलं. मथळा — 'तह झाला! सैन्य माघारी!' आईने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "बरं केलंस बाई." जणू तह मीच घडवून आणला!

१५ जानेवारी
आई आता रोज कलादालनात हजर. तिच्या सूचनांनी सुतार टेकीला आलाय. आज खुंटीवर चौकड्यांचा शर्ट लावला, तर — "शी! दादा मेला तरी असलं घालणार नाही!" मी आणि सुतार खाली बघायला लागलो. पहिल्यांदा फिस्सकन हसली ती आईच. मग तिघंही, पोट दुखेपर्यंत.

१७ जानेवारी
आईने मामाला टक्कल दिलं (भिंतीवरच्या त्याच्या म्हातारपणीच्या चित्रात मी ते काढलंही), मधुमेह दिला, वर चोरून गोड खायची खोड दिली. दुपारी तर रिकाम्या खुर्चीशी भांडली — "माझ्या बाळंतपणाला फिरकलासुद्धा नाहीस!"
"अगं आई, तो कसा —"
"तू मध्ये पडू नकोस. हे आमचं बहीणभावाचं आहे."

२० जानेवारी
घोडं अडलं मामीपाशी. लग्नाचा फोटो तर हवाच. जुन्या बाजारातून एक अनोळखी नवरी शोधून आणली. आई भडकलीच. "कुणालाही माझ्या दादाच्या गळ्यात बांधू नकोस!" शेवटी चौकटीत मामा एकटाच. शेजारी कोरा कागद. विचित्र दिसतं. असू दे.

२८ जानेवारी
उद्घाटन झालं. तोबा गर्दी! पाय मोडले.

२ फेब्रुवारी
आज पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. दारावर मामाचं नाव वाचून आत शिरल्या. लग्नाच्या फोटोपुढे थबकल्या.
"ही जागा कुणाची?"
"मामीची. आईला कुणी पसंतच पडेना."
त्या हसल्या. "तू भाची ना? नाक त्याचंच आहे." मग हळूच — "सुट्टीवर आला की घरी सांगणार होता तो. आमच्याबद्दल."
 जाताना म्हणाल्या, "टक्कल मात्र पटलं हं. लक्षणं तेव्हाच दिसत होती!" इथून जवळच राहतात, एकट्याच. मी पत्ता मागून घेतला.
घरी आल्या आल्या आईला सगळं सांगितलं. पत्ता हातात घेतला तिने.  रात्री जेवली नाही धड.

३ फेब्रुवारी
सकाळी बघते तर आई ठेवणीतले कपडे घालून दारात, पायांत चपला सरकवतेय.
"एवढ्या सकाळी कुठे?"
"वहिनीकडे."