गळ्यातल्या ग्रंथीचं भाकीत

३ जुलै १९७८, सांगली

नापास! मी, आणि माझ्या गळ्यातली ती बोटभर ग्रंथी. रक्ताचा निकाल मुंबईहून आला. थायरॉईड मंद. "थोडीशीच मंद हाय," असं मिरजेचे डॉ. पिसाळ म्हणाले. आकडा पाचाच्या आत हवा, माझा अकरा. ग्रंथी जितकी आळशी, तितका हा आकडा वर चढतो म्हणे. म्हणजे गार हात, गळणारे केस, नववी 'ब'ला भूमिती शिकवताना येणाऱ्या जांभया — सगळं हिचं काम. आणि मी उगीच शाळेतल्या चहाला दोष देत होते!

विचारलं, पुढं काय? बरी होईल, अशीच राहील, की झोपूनच जाईल? डॉक्टर साताऱ्याकडचे, बोलणं रोखठोक. म्हणाले, "आवं बाई, पावसाचं एकवेळ सांगता यील. हिचं भविष्य सांगणारा अजून जन्मायचा हाय." तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. आकडा चढला तर गोळी. जन्मभर.

गोळी कशाची? जनावराच्या गळ्यातली ग्रंथी वाळवून, दळून केलेली. कारखान्यात बनवलेलीही असते, पण ती इकडं मिळेल तेव्हा खरी. आमच्या घरात कांदा-बटाटा येत नाही. दिवस मावळला की घास नाही. आणि मी रोज सकाळी उठून कुणाचा तरी गळा गिळायचा?

नाही गिळणार!

४ जुलै

भाकीत मीच करते. गणिताची बाई आहे, ज्योतिषाची गरज नाही. आलेखाच्या कागदावर ठिपका दिला — जुलै, अकरा. दुसरा ठिपका नोव्हेंबरला, चारावर. रेघ मारून टाकली. वर्धमान गोदामावरून आला, बघितलं आणि हसला. म्हणाला, "अक्का, हळदीचा भाव पण असाच काढून दे की." माझा धाकटा भाऊ. हळदीच्या धंद्यात पडल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीत भावच दिसतो.

२० जुलै

चातुर्मास लागला. काल बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, देवापुढं नियम घेतला — चार महिने एकभुक्त. दुपारी एकदा जेवण, मग फक्त पाणी. डॉक्टरांना काय कळतं! शिस्त लावली की शरीर वठणीवर येतं.

आईनं कसलाच नियम घेतला नाही. पूर्वी सगळ्यांच्या आधी हात वर करायची. आता बस्तीत भिंतीला टेकून बसते, भर उन्हाळ्यात अंगावर शाल, पूजेच्या मधेच डोळा लागतो. दादा गेले त्याला सात वर्षं झाली. वडील माझे — पण त्यांच्याबरोबर आईही अर्धी गेली. बोलणं जड, चेहरा सुजल्यासारखा, हसणं नाही, रडणंसुद्धा नाही. बायका म्हणतात, राजमतीनं नवऱ्याचं दुःख गिळलंय. आम्ही तिच्यापुढं हळू बोलतो.

२७ ऑगस्ट

भूक लागते. पण जांभई नाही! शनिवारी दोन जिने न थांबता चढले. वरती मुख्याध्यापिका उभ्या होत्या. मुद्दाम पुन्हा उतरून चढले.

१६ सप्टेंबर

पर्युषण पर्वाचे दहा दिवस संपले. केस गळायचे थांबले. विंचरून झालं की फणी उलटीसुलटी करून बघते, एखादा निघाला तर वाईट वाटतं.

९ ऑक्टोबर

सात!! अकराचे सात! ठिपका माझ्या रेघेवर जवळजवळ बसला. शाळेत पेढे वाटले, स्वतः खाल्ला नाही. डॉक्टर म्हणाले, हुरळून जाऊ नका, हे काही पी हळद अन् हो गोरी नव्हं. मी म्हटलं, डॉक्टर, हळदीवाल्याच्या मुलीला हे सांगता?

२० नोव्हेंबर

तीन! चार म्हटलं होतं, तीन आला! गोळी नाही. जन्मभर नाही! एस.टी.त बसल्यावर शेजारच्या अनोळखी बाईला निकालाचा कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पण त्याआधी जे झालं ते लिहायला हवं.

डॉक्टरांनी विचारलं, नियमात काय काय सोडलं होतं? ऐटीत सांगितलं. संध्याकाळचं जेवण. त्यानंतरचं दूध. आणि ते जेवण नाही म्हणून त्याच्यावर एकदाच घ्यायचं खोकल्याचं औषधही. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. कसलं औषध? म्हटलं, आमच्या घरात पूर्वीपासून घेतात. गोदामात हळद चाळली की धूळ घरभर येते, छाती भरते. दादांसाठी एका जुन्या कंपाउंडरनं बाटली करून दिली होती. तीच अजून भरून आणतो. गोड, खारट, जरा लोखंडासारखी चव. घसा मोकळा होतो.

डॉक्टर म्हणाले त्यात आयोडिनचा क्षार असणार. थोडा हवाच, पण वर्षानुवर्षं रोज घेतला तर काहींची ग्रंथी कामच टाकून देते. औषध बंद केलं की पुष्कळदा जागी होते.

म्हणजे नियम नव्हे — बाटली! क्षणभर रागच आला. मग हसू आलं. उत्तर बरोबर, रीत चुकलेली. नववी 'ब'च्या पोरींना मी याचे अर्धेच गुण देते. स्वतःला पूर्ण दिले.

उठताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात रोज आणखी कोण घेतं?"

वर्धमान नाही, तो गुळण्या करतो. आई घेते. दोन्ही वेळा. दादा गेले आणि त्यांच्या जागी ती गोदामात बसायला लागली, तेव्हापासून.

सांगता सांगता मी आईची शाल, सूज, पेंग बोटांवर मोजली.

२२ नोव्हेंबर

आईला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तिच्या टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, पण परत यायला किती वेळ! जड दार मिटावं तसं. ग्रंथी मंद असल्याची खूण म्हणे. रक्त दिलं. घरी आल्यावर बाटली मोरीत ओतायला घेतली, तर आईनं माझं मनगट धरलं. कितीतरी वर्षांत तिनं कशाला एवढं घट्ट धरलं नव्हतं.

"यांची बाटली हाय ती. आसू दे."

मी ओतली. वर्धमान बाहेर जाऊन उभा राहिला.

११ डिसेंबर

आईचा आकडा डॉक्टरांनी दोनदा वाचला. माझ्या अकरासारखे कितीतरी आकडे एकावर एक ठेवावेत तेवढा. दोन महिने बाटलीविना बघू म्हणाले, नाहीतर गोळी. कारखान्यातली मुंबईहून मागवून ठेवतो म्हणाले. मी म्हटलं मागवा, आणि ती नाही आली तर तुमच्याकडची जनावराची द्या. नियम माझा आहे, आई माझ्या नियमाहून मोठी आहे.

नवा आलेख काढला. रेघ मारायचं धाडस झालं नाही.

२८ जानेवारी १९७९

आईनं शाल काढून ठेवली. वर्धमानला म्हणाली, हळदीत ओल हाय, ह्या पोत्यांचा भाव पडणार. आणि खरंच ओल होती! तो बिचारा एवढा खूश झाला की नुकसानाचं दुःख करायचंच विसरला.

१२ फेब्रुवारी

आईचा आकडा निम्म्याच्याही खाली! डॉक्टर म्हणाले, गोळी राहू द्या कपाटात. वर म्हणाले, "बाई, आता तुमीच सांगा पुढचं भविष्य." सांगितलं — आषाढापर्यंत पाचाच्या आत. रेघ मारली. ठसठशीत, पट्टीनं!

१९ फेब्रुवारी

आज आई दादांसाठी रडली. पहिल्यांदाच. दुपारभर, मोठ्यानं, काल बातमी आल्यासारखी. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून होतो.