तीन तास बंद ठेवलेला जनरेटर

मायाचे बाबा,

तुम्ही गेल्याला दोन महिने झाले. आपल्यात पत्र कधी नव्हतंच. तुम्ही परदेशात होता तेव्हाही फोनच असायचा. पण परवा रामकिशोर येऊन गेला, आणि त्याने जे सांगितलं ते मी कोणापाशी बोलू? माया तिच्या सासरी तुमसरला. इथे भाजीवाली आली की मी दोन वांगी उगाच जास्त घेते, तेवढाच वेळ ती दारात थांबते.

तुमचा तो बालाघाटचा रामकिशोर! परदेशातल्या त्या सरकारी रेडिओ केंद्रात तुम्ही जनरेटर सांभाळायचात आणि तो वायरिंग बघायचा. बातमी त्याला उशिरा कळली. एकोडीत घर विचारत आला आणि उंबऱ्यातच रडायला लागला.

"भाभी, भैया ने आपको सच में कुछ नहीं बताया?"

काय सांगितलं होतं तुम्ही मला? कंपनीने काढलं म्हणून परत आलो, एवढंच ना?

ती सकाळची वेळ होती म्हणे. फौजेतलेच काही लोक सरकार उलथवायला निघाले होते. त्यांचा ट्रक रेडिओ केंद्राच्या फाटकातून आत घुसला. सरकार पडलं, आता सत्ता आमची, असं त्यांना देशभर ऐकवायचं होतं. शहरातली विजेची लाइन गेलेली. सगळं अडलं होतं तुमच्या जनरेटरवर.

गोळीचा आवाज ऐकल्याबरोबर तुम्ही डिझेलच्या पाइपचा नट ढिला केलात. इंजिनाने हवा घेतली आणि ते बंद पडलं. मग बंदूक पाठीला लागली असताना तीन तास तुम्ही ते दुरुस्त करण्याचं सोंग केलंत! अहो, घरात पाल निघाली तर मला हाक मारणारे तुम्ही. कुठून आणलीत ही हिंमत?

शेवटी त्यांच्या साहेबाने फाटकावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराला ओढत आणून तुमच्यापुढे गुडघ्यांवर बसवलं. "मशीन सुरू कर, नाहीतर ह्याला मारतो." तुम्ही नट आवळला. जनरेटर सुरू झाला. पण तोवर सरकारची फौज फाटकाशी पोचली होती. घोषणेचं अर्धं वाक्य रेडिओवर गेलं आणि तिथेच सगळं संपलं. चौकीदार वाचला. सरकारही वाचलं.

आणि पकडलं कोणाला? तुम्हालाच! बंडवाल्यांना जनरेटर कोणी सुरू करून दिला, ह्याची चौकशी झाली. आधीचे तीन तास कसे गेले, ते एकट्या रामकिशोरने पाहिलं होतं. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला काही माहीत नाही. एकोणीस दिवस तुम्ही कोठडीत होता, आणि मग विमानात बसवून परत धाडलं.

त्याच एकोणीस दिवसांत मायाचा साखरपुडा झाला. मी फोन लावून लावून थकले. पाहुण्यांना काय सांगू, हे माझं मलाच कळत नव्हतं. आठ दिवसांनी तुम्ही बॅग घेऊन अंगणात उभे राहिलात, तेव्हा शेजारपाजाऱ्यांसमोर मी ओरडले, "पोरीच्या साखरपुड्याले बाप नाही! असे कुठचे राजे होऊन राहिले होते जी तुमी तिकडे?"

तुम्ही म्हणालात, "फोन बिघडला होता." आणि पाय धुवायला गेलात.

काहून जी? काहून नाही सांगितलं मले? पंधरा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. ते दिवस आता कुठून परत आणू?

रामकिशोर म्हणतो, त्यानेही नंतर एकदा फोनवर तुम्हाला हेच विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "सांगून काय करू? शेवटी सुरू तर मीच केला ना." म्हणजे तुम्ही हरलात असं समजून जगलात? बाजूला मी असताना, एकट्यानेच?

रामकिशोरला मी जेवायला वाढलं होतं. खरं सांगते, त्याच्या समोरचं ताट उचलून घ्यावं असं मनात आलं. हात जोडून म्हणाला, "मैं डर गया था भाभी. मुझे माफ कर दो." मी म्हटलं, "माफी त्यायले मागायची होती, ते जिते होते तवा. आता जेव." तो जेवला. मी समोर बसून होते. दोन महिन्यांनी घरात कोणीतरी माझ्यासमोर जेवत होतं, म्हणून राग धरवेना.

मायाला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी बाबाले कधी विचारलंच नाही." मीही कुठे विचारलं? फक्त ओरडले.

जाताना रामकिशोरने त्या चौकीदाराचा नंबर लिहून दिला. म्हातारा अजून आहे. तुमची खुशाली विचारत असतो. तुम्ही गेलात हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. रामकिशोरचं धाडस होत नाही.

मी सांगेन. वचन देते. त्याची भाषा मला येत नाही, त्याला माझी येत नाही. फोनवर एकमेकांचे चेहरे दिसतील. मी तुमचं नाव घेईन, कुंकू नसलेल्या कपाळावरून हात फिरवून दाखवेन. त्याला कळेल. मग तो रडेल तर रडू देईन, फोन ठेवणार नाही.

तुमची,
मायाची आई
एकोडी