पिवळीची चाकं

प्रिय नट्या,

फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून हे पत्र. तुझ्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. त्याच्या बसची चाकं मीच बॅलन्स करते, तो नाही म्हणायचा नाही. बाबा जेवून आडवे झालेत आणि मी जुन्या टायरांच्या ढिगावर बसून लिहितेय, एक डोळा आपल्या गॅरेजच्या शेडच्या दारावर ठेवून. अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधी पिवळीची बातमी ऐक. आपली पिवळी पुन्हा चार चाकांवर उभी आहे! त्या दोन सीटच्या गाडीत आपण दोघं एका सीटवर कोंबून बसायचो, आणि वळण आलं की तू मुद्दाम माझ्या अंगावर कलंडायचास, आठवतं? तिच्या चाकांच्या रिंगांना तडे गेले, तशा रिंगा कुठे मिळेनात, आणि ती कोपऱ्यात ठोकळ्यांवर गेली. आता बाबांनी काय केलं असेल? तू मागे सोडून गेलास ना ती राखाडी, गरीब बिचारी घरगुती गाडी, तिची चारही चाकं काढली आणि पिवळीला चढवली. नवरीच्या पायात सासऱ्याच्या वहाणा दिसाव्यात तसं दिसतंय. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतो. पण नटांची भोकं जुळली, चारच्या चार, अंतरसुद्धा तेवढंच. मला आधी मजाच वाटली. म्हातारपणी हौस आली, म्हटलं असू दे.

मग नट पाहिले. बाबांनी पिवळीचे जुनेच नट लावलेत, पॉलिश करून. त्यांचं बूड गोल, आणि तुझ्या चाकांची भोकं आत निमुळती. तुला सांगायला नको, पण सांगते, कारण मला कुणाला तरी सांगायचंय. तो नट घट्ट आवळला जातो, हाताला झकास लागतो, आणि टेकलेला असतो फक्त कडेवर. जरा लांब गेलं, जरा हादरे बसले, की सैल. मग चाक आपल्या वाटेनं आणि गाडी आपल्या वाटेनं. हे आपल्याला शिकवलं कोणी? बाबांनीच. एकदा मी असा चुकीचा नट उचलला तर अख्ख्या शेडसमोर माझा उद्धार केला होता, आणि तू पिंपामागे तोंड लपवून हसत होतास. लहानपणी नट गिळून नाव कमावलेला तू, आणि मला हसत होतास!

चाक बसवणं वेगळं आणि चाक बसणं वेगळं, हे त्यांचं पालुपद. म्हणून तर आपल्याकडे रीत होती, जो आवळेल त्यानं तपासायचं नाही. बाबा आवळायचे, तू तपासायचास. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तू उकिडवा बसून चाकावर तळहात फिरवणार, नट चाचपणार आणि म्हणणार, बसलं. त्याशिवाय गाडी शेडबाहेर नाही. आणि जाताना तू नेमका तोच शब्द त्यांच्या तोंडावर मारलास. म्हणालास, तुम्ही मला इथे बसवलंत, मी बसलेलो नाही. इतकं चपखल बोलायची काय गरज होती रे? जरा अडखळला असतास तरी त्यांना इतकं लागलं नसतं. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

तर मी बाबांना म्हटलं, नट चुकलेत. ते हसले, म्हणाले खरंच की, आणि पुन्हा तेच आवळायला बसले. मी बाजारातून बरोबर नट आणले आणि ते आंघोळीला गेले तेव्हा बदलले. संध्याकाळी माझे नट जळक्या ऑइलच्या डब्यात आणि जुने पुन्हा चाकात. मी पुन्हा बदलले. तेव्हा ते हात पुसत माझ्याजवळ आले आणि फार अदबीनं म्हणाले, बाई, तुम्ही त्या बाकावर बसा, गिऱ्हाइकानं गाडीला हात लावायचा नसतो. चहा सांगू का, असंही विचारलं. नट्या, त्यांनी मला तुम्ही म्हटलं. जन्मात कधी मी त्या बाकावर बसले नव्हते. त्या दिवशी बसले. काय करणार होते?

डॉक्टर म्हणतात, आठवण अशीच झिजत जाणार, गेलेली परत यायची नाही. हे तुला सांगणारच होते, पण रेंज जात होती.

किल्ली लपवून पाहिली. तर वायरी जोडून गाडी चालू केली त्यांनी, ते विसरले नाहीत! चाकं काढून शेजारच्या गोदामात ठेवली, तर चाकं बसतात त्या उघड्या हबांपाशी जमिनीवर बसून भोकाड पसरून रडले. शेजारपाजार गोळा झाला. मीच चाकं परत आणली, माझ्या हातांनी. शेडला कुलूप लावलं तर मुठी फुटेस्तोवर दार वाजवलं. माझे सगळे उपाय थकले रे. मी थकले.

तरीही गाडी बाहेर निघाली नाही, ती का माहीत आहे? रोज नट आवळून झाले की बाबा स्टुलावर बसतात आणि दाराकडे बघतात. पोरगा बघेल, मग काढू, म्हणतात. मी म्हटलं, मी बघितलं, बसलं नाही. तर म्हणाले, तुमचं नाही चालत बाई, त्याचं चालतं. तुझी वाट बघण्यात त्यांचा दिवस जायचा आणि गाडी जागेवर राहायची. तू आला नाहीस याचं मला रोज बरं वाटायचं, ऐकतोस का? तुझा रुसवा हाच पिवळीचा हँडब्रेक होता.

आज सकाळी तो सुटला. बाबा स्वतःच उकिडवे बसले, चाकावर तळहात फिरवला, अगदी तुझ्यासारखा, आणि तुझ्यासारखंच म्हणाले, बसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, रविवारी शेडकडे जरा लक्ष ठेवा, पोराला फार उशीर झालाय, मीच जाऊन त्याला घेऊन येतो. तुझ्याकडे यायला निघणार आहेत ते, नट्या. त्या चाकांवर, त्या उताराच्या रस्त्यानं. हे पत्र तुला शनिवारी मिळेल. त्यांना माफ करू नकोस, राहू नकोस, दुसरं काही बोलूही नकोस. फक्त दारातून आत ये, उकिडवा बस, चाकावर हात फिरव आणि म्हण, बसलं नाही. मला ते ओळखत नाहीत. तुला ओळखतील की नाही, देव जाणे. पण तुझ्या तोंडचा तो शब्द ते ओळखतील. त्यांच्याआधी तू नीघ.

तुझीच,
बाकावर बसलेली ताई