पाच कार्डं आणि ताईंचा निळा ड्रेस

ती. ताईंना धाकट्या भावजयीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमच्या निरोप समारंभाला अजून पंधरा दिवस आहेत, पण वॉर्डातल्या नर्स पोरी आत्तापासूनच रडताहेत म्हणे, असं तुमचा भाऊ सांगत होता. (त्यांचं मी अर्धंच खरं धरते.) फोनच केला असता, पण ड्यूटीवर तुम्ही उचलत नाही, आणि जे विचारायचंय ते तोंडानं विचारायची माझी हिंमत नाही.

झालं असं, की माझ्या फोनमधली जागा संपली. गिऱ्हाइकांची मापं मी फोनमधल्या ॲपमध्येच ठेवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोबाइलवाला म्हणाला, मेमरी कार्ड घाला आणि ॲप त्यावर हलवा. हलवलं. फोन हलका झाला. इथेच थांबायला हवं होतं. पण मी पडले शिवणकाम करणारी. धागा बदलला की आपण बॉबिन बदलतो, तसं काम बदललं की कार्ड बदलायचं, असं माझ्या डोक्यानं घेतलं. आणखी चार कार्डं आणली. मापांचं ॲप एकावर, डिझाइनचं दुसऱ्यावर, गाण्यांचं तिसऱ्यावर, अशी वाटणी केली आणि पाचही बॉबिनच्या डबीत ठेवली. कार्ड काढलं की त्यावरचं ॲप फिकं पडायचं, घातलं की उजळायचं. (तुमचा भाऊ शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा.) आठवडाभर काढ-घाल मोठ्या ऐटीत चालली.

सोमवारी तुमचा समारंभाचा ड्रेस कापायला घेतला. मापांचं कार्ड घातलं, तर फोन विचारतो, हे कार्ड वाचता येत नाही, पुसून नव्यानं तयार करू का? इतक्या अदबीनं या घरात मला कुणी काही विचारत नाही हो! मी 'हो' दाबलं. दीडशे बायकांची मापं एका क्षणात गेली. बाकीच्यांना पुन्हा बोलवीन, पण तुमचं काय? पस्तीस वर्षं पांढऱ्या कपड्यांत काढलीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंत, तर तो निळा ड्रेस. ताई, खरं सांगते, कापड मांडीवर घेऊन रडले.

आता पुरे करते. राग आला तर आधी भावावर काढा, माझ्यासाठी थोडाच उरू द्या.

तुमची भावजय

ता. क. तर तुमचं माप चिठ्ठीवर लिहून पाठवा. (खरं. मनातलं नको.)

ता. क. दुसरा. माप पाठवू नका. ड्रेस शिवून झालाय. 'ताई अगदी माझ्याएवढी' असं तुमचा भाऊ छातीठोकपणे म्हणाला, म्हणून मी त्यांच्याच मापानं कापला. त्यांना झकास बसतो.

ता. क. तिसरा. तसलं निळं कापड अख्खा बाजार पालथा घालूनही मिळालं नाही. हिरवं आणलंय. चालेल का? रविवारी या, माप मी स्वतः घेईन. हिरवं नको असेल तरी याच. निळा त्यांनी अजून अंगातून काढलेला नाही, आणि ते ऐकतात फक्त तुमचं.