वास येऊ लागल्यावर

आये,

मालवणच्या बाजारातली ती सकाळ मला अजून दिसते. तू बांगड्यांची पाटी पुढ्यात घेऊन बसली आहेस, मी तुझ्या शेजारी. मघाशी मासे नेलेली बाई परत येते आणि बांगडे पाटीत आपटते. "वास येता हा, तुका कळणा नाय?" तू एक बांगडा नाकाशी धरलास, मग माझ्यापुढे केलास. "खरा सांग गो." "येता," मी म्हटलं. तू अख्खी पाटी फेकून दिलीस. नाकात मांस वाढल्याने तुला वासच येत नसे; ते तू कोल्हापूरला जाऊन दोनदा काढून घेतलं होतंस, तरी ते पुन्हा वाढलं. तू भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून झोपायचीस, छातीतून शिट्टी वाजायची. शेवटी त्याच दम्याने तू गेलीस.

मग तेच मांस माझ्या नाकात आलं. छातीही वाजू लागली. माझंही ऑपरेशन झालं, आणि नाक परत बंद. गेल्या वर्षी चहासाठी लायटर हातात घेतला, तोच तुझी नात दारातून ओरडली, "आई, पेटव नको! गॅसचो वास येता!" शेगडीचं बटण उघडंच राहिलं होतं. तिने मला ओढत अंगणात नेलं.

डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं. "पुन्हा ऑपरेशन करता येईल. पण आतली सूज राहते, म्हणून मांस परत वाढतं. आता त्या सुजेवरच काम करणारं इंजेक्शन आलंय. महाग आहे, सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, आणि थांबवलं तर त्रास परत येऊ शकतो."

"आणि दमा?"

"बऱ्याच जणांचा त्यानेच कमी होतो."

दर पंधरवड्याला मी स्वतःच मांडीत सुई टोचते. इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवलेली असतात, म्हणून वीज गेली की तो कुणाला उघडू देत नाही. सुरुवातीला नुसती वाट पाहणं. जेवताना मुलगी विचारायची, "इलो वास?" मी मान हलवून नाही म्हणायची. मग एका दुपारी सोलकढीसाठी लसूण ठेचताना हात थांबला. तिला हाक मारली, "इलो गो, वास इलो!"

तुझ्या वेळी हे औषध नव्हतं. तरी सुई टोचताना राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. मी बरी झाले असं सगळ्यांना सांगते, आये. पण अजून रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी उशी हुंगून बघते.