अभिलंब

नांदेड,
रविवार, २२ जून २०२५

मंजे,

चंद्रप्पा काकांना, रत्नम्मा काकूंना माझं शरणार्थ सांग. मी इकडं मजेत हाय. पत्र बघून हसशील तू. पण फोन तू उचलत न्हाईस, मेसेजवर अडीच वर्षांपास्नं एकच टिक पडून राहिली, मग पोस्टाशिवाय राहिलं काय? माझं मराठी तुला माहीतच हाय. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून घे.

इथं अजून ऊन उतरलं न्हाई. हॉस्टेल निम्मं रिकामं हाय, कूलर नुसता आवाज करतो. एका एक्स्ट्रा कोर्ससाठी मी सुट्टीत थांबले. अभ्यास बरा चाललाय.

बरा न्हाई गं. डोकं फुटायची वेळ आली. एकच प्रॉब्लेम घेऊन मी नऊ दिवस बसले, नऊ! ऐक. जमिनीवर एक अर्धा गोल पालथा घातलाय, एकदम गुळगुळीत. त्याच्या डोक्यावर छोटा ठोकळा. जरासा ढकलला की घसरायला लागतो. तर विचारलंय, तो ठोकळा गोल सोडून हवेत कुठं जातो? माझं उत्तर रोज एकच येतं. कुठंच सोडत न्हाई, जमिनीला टेकेपर्यंत गोलाला चिकटूनच येतो. आणि पुस्तकाच्या मागं लिहिलंय, एक तृतीयांश उंची उतरला की सुटतो.

का पण? यूट्यूबवरचे तीन भैये बघितले. तिघं बी म्हणतात, इथं एन बरोबर झिरो टाका. टाकते की बाबा, पण का टाकू? एन म्हणजे नॉर्मल फोर्स. तो असा मधेच झिरो कसा होईल? एक दिवस पुस्तक भिंतीवर फेकलं. भिंतीला काही झालं न्हाई, पुस्तकाची बाइंडिंग गेली.

मग म्हणलं, करूनच बघू. मेसमध्ये नीलम्मा मावशी हाय, देगलूरची. तिची मोठी कढई ओट्यावर पालथी घातली, बुडावर पाणी ओतलं, आणि साबणाची एक चिपटी ठेवून सोडली. चार वेळा खाली नीट घसरतच न्हाई. पाचव्या वेळेला चिपटी अर्ध्यात यायच्या आधीच सुटली आणि थेट डाळीच्या पातेल्याकडं! तेवढ्यात मावशी आली.

"अगो माय, साबणाचं वरण घालती का पोरींना?"

"मावशी, प्रयोग करून राहिले."

"प्रयोग? कढई काळी झालेली दिसत न्हाई, घासायला ये म्हणलं की प्रॅक्टिकल असतंय तुला. आज घास. लई चांगला प्रयोग हाय तो बी."

घासली. पण पुस्तक खरं होतं मंजे, सुटतोय तो. म्हणजे चूक माझ्यात होती, आणि कुठं हाय तेच सापडना. इतकी चिडचिड झाली की कढई घासता घासता रडले. मावशीला वाटलं तिच्या बोलण्यानं रडले, तिनं गुळाचा खडा दिला.

आता पुढचं लिहायच्या आधी एक सांगते. एक्स्ट्रा कोर्स वगैरे काही न्हाई. मेकॅनिक्समध्ये मी नापास झाले. एकदा न्हाई, दोनदा. बॅकलॉगवाल्यांना सोमेश सर सकाळी फुकट शिकवतात, त्यासाठी थांबले. पप्पांना अजून माहीत न्हाई. लातूरच्या इंग्लिश मीडियमची स्कॉलर, घरात ज्याला त्याला 'ग्रॅव्हिटेशनल' म्हणून दाखवणारी, ती नापास झाली.

तर परवा सरांना जाऊन म्हणलं, ह्या पुस्तकाचं उत्तर मला पटत न्हाई. सर म्हणाले, "अक्षरा, आधी सांग, नॉर्मल फोर्स म्हणजे काय?"

मी म्हणाले, "सर, नेहमीचा. जो असतोच असतो. वजनाइतका. उतारावर कॉस थीटानं कमी."

"आणि शून्य कधी होतो?"

"शून्य कसा होईल सर? मग तो नॉर्मल कसला, ॲबनॉर्मल झाला की."

मी जोक करून राहिले न्हवते मंजे. अकरावीपासून मला खरंच तसंच वाटून राहिलं होतं. नॉर्मल ब्लड प्रेशर, नॉर्मल डिलिव्हरी, तसा नॉर्मल फोर्स. इंग्लिश येते ना मला, मग शब्दाचा अर्थ कशाला विचारायचा?

वर्गात आम्ही सहाजण. कुणी हसलं न्हाई. सर बी हसले न्हाई. त्यांनी गोल काढला, ठोकळ्यापाशी गोलाला काटकोनात एक बाण काढला आणि म्हणाले, "इथं नॉर्मल म्हणजे काटकोनातला. मराठीत त्याला अभिलंब म्हणतात. पृष्ठभाग ठोकळ्याला बाहेर ढकलतो तो जोर. ढकलायचं कारण संपलं की शून्य."

तो शब्द ऐकला आणि माझे कान तापले.

हिशोब नंतर पाच मिनिटांत सुटला. ठोकळ्याचा वेग वाढत जातो, तितकं त्याला वळवायला जास्त जोर लागतो. तो जोर वजनातनंच येतो. एका जागेला आतल्या बाजूचं सगळं वजन वळवण्यातच जातं, गोलानं ढकलायला काही उरत न्हाई, आणि ठोकळा सुटतो. एक तृतीयांश. बरोबर. आनंद व्हायला पाहिजे होता. झाला न्हाई.

कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. लातूरच्या क्लासमध्ये, बारावीच्या पहिल्या महिन्यात. सरांनी विचारलं, व्हॉट इज नॉर्मल, आणि तू उभी राहून म्हणालीस, "अभिलंब सर. पृष्ठभागाला लंब असतो तो." मराठी शब्द ऐकून सगळा वर्ग खदाखदा हसला. मी सगळ्यात जोरात. तुला एवढंच माहीत हाय. म्हणूनच तू माझ्याशी बोलणं सोडलंस असं मी धरून चालते.

पण त्या संध्याकाळी लातूरच्या हॉस्टेलात आपल्या खोलीच्या दारावर खडूनं 'मिस अभिलंब' लिहिलं होतं ना, खाली काटकोनात वाकलेली बाई काढलेली, ते समोरच्या खोलीतल्या साक्षीनं न्हाई लिहिलं. मी लिहिलं. तू साक्षीला भांडलीस, ती शपथा घेऊन राहिली, आणि मी मधे बसून चिवडा खात होते. मग ते नाव सगळ्या मजल्याला लागलं. जेवायच्या लायनीत, बाथरूमसमोर. "अभिलंब आली गं, सरळ उभ्या ऱ्हावा." दिवाळीला तू बॅग भरलीस ती परत आलीच न्हाईस.

मंजे, मी चुकीचं बोलले तर मला कुणी काही नाव ठेवलं न्हाई. तू बरोबर बोलली होतीस.

अजून एक हाय, आणि तेच लिहायला चार पानं फाडली. त्या दिवाळीला काकांनी मला ओसरीवर बोलवून विचारलं, "पोरगी क्लास का सोडून आली गं? तू तर सोबत होतीस." खरं सांगितलं असतं तर नाव कुणी ठेवलं हे बी विचारलं असतं. म्हणून मी म्हणाले, "काका, तिला फिजिक्स झेपलं न्हाई." तू मुरूडला घरी बसून बारावी सायन्स काढलीस, फिजिक्सला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त घेतलेस, तरी काकांनी तुला बीएला घातलं. ते त्यांच्या मनानं न्हाई घातलं. माझ्या शब्दावर घातलं.

गुरुवारी आईचा फोन आला. म्हणाली, "मंजी बीएस्सीला ॲडमिशन घेते म्हणून हट्टाला पेटलीय, नव्यानं पहिल्या वर्षापासून. चंद्रप्पा भाऊजी ऐकना गेलेत. म्हणतात, अक्षरानंच सांगितलं होतं झेपत न्हाई, परत तोंडावर कशाला पडायचं? पुढच्या शुक्रवारी फॉर्म बंद होणार म्हणे."

मग आज सकाळी मी काकांना फोन लावला. काका दुकानात होते.

"काका, मंजीचं मी खोटं सांगितलं होतं."

"काय?"

"तिला झेपत होतं. मीच तिला नाव ठेवलं, पोरींनी छळलं, म्हणून ती आली."

"थांब गं, गिऱ्हाईक हाय." फोन कट केला न्हाई त्यांनी. कुणीतरी हरभऱ्याची डाळ मागितली, पिशवी फडफडली. मग आवाज आला, "हं. आता परत सांग. हळू."

परत सांगितलं. दाराचं बी.

"आणि तुझं कसं चाललंय तिकडं?"

"मी नापास झाले काका. झेपलं न्हाई ते मला."

मग म्हणाले, "फोनवर कुणी बी काही बी बोलतंय. हितं ये. तिच्यापुढं म्हण. तुझ्या बापाला बी बोलवून घेतो, त्याच्यापुढं म्हण. मग बघतो फॉर्मचं."

हाव म्हणलं.

तर हे पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टनं टाकते, मंगळवारपर्यंत मिळेल. बुधवारी सकाळच्या गाडीनं निघते, दुपारी मुरूडला पोचेन. दारावरचं तू काकांच्या तोंडून ऐकू नको म्हणून आधी लिहिलं. तू माझ्याशी बोलू नको. बघू बी नको वाटलं तर. फक्त मी बोलते तेव्हा घरात ऱ्हा, आणि कागदपत्रं काढून ठेव. गुरुवारचा एक दिवस उरतो, काका हो म्हणाले तर त्याच दिवशी लातूरला जाऊन फॉर्म भर. न्हाई म्हणाले तर मी शुक्रवारपर्यंत ओसरीवरनं उठणार न्हाई.

माफ कर असं लिहिणार होते. पण ते लिहिलं की तुझ्यावर उत्तर द्यायचं ओझं येतं. म्हणून लिहीत न्हाई.

अक्षरा