गेटपर्यंत

मरोळ, मंगळवार, संध्याकाळ

आज बाळाला बारा दिवस झाले. बाळंतीण लेकीच्या, मीराच्या कानांना रुमाल मीच बांधते, खिडक्याही मीच लावून घेते. दुपारी ती म्हणाली, "आई, नुसती गेटपर्यंत जाऊन येते ना."

माझ्या तोंडून निघालंच, "सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही."

"कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं का गं तुला?"

लागलं मला. मीरा झाली तेव्हा सासूबाईंनी माझ्याही कानांना असाच रुमाल करकचून बांधला होता आणि मी बंद खिडकीपाशी मुसमुसत बसायचे. मग आता मी हे का करतेय?

पाचला बाळाला पायांवर घेतलं. मीराचा रुमाल सोडला. म्हटलं, "जा, सावकाश ये." जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला आणि मलाच मोकळं वाटलं.

पाच मिनिटांत ती दारात. धापा टाकत, कुर्ता पुढून दुधाने भिजलेला. "रडला ना गं तो? मला खालपर्यंत ऐकू आलं."

बाळ माझ्या पायांवर गाढ झोपलेलं होतं. तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग खाली पडलेला रुमाल उचलला आणि स्वतःच बांधला. करकचून.